जबाब ज्याचा, भाषा त्याची



आपल्या घोटीकरांना न्यायाची वाट लांबची. तालुक्याचं कोर्ट आणि तहसील इगतपुरीला, जिल्हा न्यायालय नाशकाला. एका तारखेपायी धडधाकट माणसाचा अख्खा दिवस मोडतो. दिव्यांग माणसापुढे त्याआधीच एक अडचण उभी असते: त्याचं म्हणणं लिहून कोण घेणार?

समजा, वाडीवरची एक मूकबधिर मुलगी आहे. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. तिच्या खुणा फक्त आईला कळतात. तिच्यावर अत्याचार झाला, की आई सांगणार, हवालदार लिहिणार, मुलगी अंगठा उठवणार. पुढे कोर्टात बचावाचा वकील विचारणार, ‘हे शब्द मुलीचे की आईचे?’ आणि गुन्हेगार घरातलाच असेल, तर खुणांचा अर्थ घरच्यांनी लावून कसं चालेल?

कायद्यानं याची तजवीज २०१३ मध्येच केली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ आणि १८३ मध्ये आहे. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दिव्यांग स्त्रीची फिर्याद पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या समक्ष नोंदवायची आणि तिचं चित्रीकरण करायचं. दंडाधिकाऱ्यांपुढचा चित्रित जबाब खटल्यात सरतपासणी म्हणून धरला जातो. तिची फक्त उलटतपासणी होते. तीच वेदना तिनं पहिल्यापासून पुन्हा सांगायची गरज उरत नाही.

अशा साक्षीला वजन किती? आंध्रातल्या एका अंध तरुणीनं आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिची साक्ष ग्राह्य धरली आणि दिव्यांगाची साक्ष कमी प्रतीची मानता येणार नाही, असं बजावलं. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं मूकबधिरांसह असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात साक्ष नोंदवण्याचं स्वतंत्र केंद्र उभारायचा आदेश दिला.

आपलं म्हणणं आपल्या भाषेत नोंदवायचा हा हक्क फौजदारी खटल्यापुरता नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १२ मध्ये निवाडा किंवा चौकशी करणारं प्रत्येक कार्यालय येतं. सातबाऱ्यावरच्या नावासाठी तहसीलदारांपुढे चाललेली सुनावणीही त्यात आली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे दिव्यांगांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर मदत मागता येते.

कायदा पुस्तकात पुरेसा आहे, पण तो आपोआप ठाण्यात पोचत नाही. म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. खुणांची भाषा जाणणाऱ्या विशेष शिक्षकांची नावं आजच मिळवा आणि ती पोलीस ठाण्यात देऊन ठेवा. आणि ज्यांच्या घरी दिव्यांग माणूस आहे त्यांनी अर्जातच लिहावं, ‘आम्हाला दुभाषी हवा.’ लेखी मागा, पोच घ्या. ही कोणाची मेहरबानी नाही; तो तुमचा हक्क आहे.