खासबाग : मल्लविद्येचे आणि रंगभूमीचे सामाईक अंगण



शहर वाढू लागले की त्याला रस्ते, पाणी आणि दिवे लागतात. तसेच हजारो माणसांना एकत्र बसता येईल असे एखादे हक्काचे स्थानही लागते. मध्यम आकाराच्या शहराला प्रत्येक खेळासाठी आणि प्रत्येक कलेसाठी दूरदूर निराळ्या वास्तू उभारणे परवडत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे. ते म्हणजे खासबाग मैदान आणि त्याला लागून असलेले नाट्यगृह.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त राजर्षी शाहू छत्रपती युरोपला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. अशीच प्रेक्षणसोय आपल्या मल्लांसाठी आणि कुस्तीशौकिनांसाठी व्हावी, हा विचार त्यांनी मनाशी बाळगला. १९०७ मध्ये खासबागेचे काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. मध्यभागी लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे अगदी मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही मल्लाची पकड आणि डाव स्पष्ट दिसतो. सामान्य प्रेक्षकाची सोय हेच या रचनेचे खरे मर्म होय.

कुस्तीपाठोपाठ नाटकाचाही विचार झाला. १९१३ ते १९१५ या काळात शेजारीच पॅलेस थिएटर उभे राहिले. १९५७ साली त्याला कोल्हापूरचेच सुपुत्र, संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. एकाच परिसरात शड्डूचा आवाज आणि नांदीचे सूर नांदू लागले. तालमीत घाम गाळणारा तरुण आणि नाट्यपदांवर लुब्ध होणारा रसिक हे दोघेही या अंगणाचे सारखेच धनी ठरले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. आपल्या घरातलेच काही गेले, अशा भावनेने कोल्हापूरकर हळहळले. शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. परंतु निधीने भिंती आणि छप्पर उभे राहते, वास्तूचे आयुष्य मात्र नित्याच्या देखभालीवरच अवलंबून असते. विजेच्या तारांची तपासणी, अग्निशमनाची सिद्धता आणि बाहेर पडण्याच्या मोकळ्या वाटा या गोष्टी उद्घाटनाच्या दिवशी कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण प्रेक्षकांचे प्राण त्यांवरच विसंबून असतात.

हौद्यातील मातीचेच उदाहरण घ्यावे. तेल, ताक, हळद घालून ती मुरवावी लागते आणि पुन्हापुन्हा खणून मऊ राखावी लागते. हात फिरला नाही तर तीच माती दगडासारखी घट्ट होते आणि मल्लाला इजा करते. सार्वजनिक वास्तूचेही असेच आहे. नवे क्रीडासंकुल वा सभागृह उभारू पाहणाऱ्या प्रत्येक नगराने खासबागेची रचना तर पाहावीच. पण त्या मातीची रोजची मशागतही विसरू नये.