पंप का खडखडतो?

नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या कारखान्यांत फिरलं, की एखादा पंप पोटात खडे भरल्यासारखा खडखडताना ऐकू येतो. बहुतेकदा दोष बेअरिंगला दिला जातो. पण आधी सक्शनची बाजू बघा.

पंप पाणी ओढतो, असं आपण म्हणतो. खरं तर हवेचा दाब ते आत ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे 10.3 मीटर पाण्याइतका असतो. गाळणी तुंबली किंवा पाइप अरुंद असला, की इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, तोंडाशी दाब घसरतो, पाण्याची वाफ होते; पाणी गरम असलं, तर ती आणखी लवकर होते. ते बुडबुडे पुढे फुटतात आणि धातू कुरतडतात. हेच कॅव्हिटेशन.

दुसरी खोड आपली: ‘असू दे थोडा मोठा’ म्हणत जादा क्षमतेचा पंप घ्यायचा आणि व्हॉल्व्ह आवळून चालवायचा. वीजही जाते, सीलही. त्यापेक्षा वेग कमी करा. घर्षणाचाच भार असेल, तर वेग 20 टक्के घटवल्यावर वीज जवळपास निम्मी लागते.

नवा पंप मागवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावून आकडे लिहून ठेवा, आणि ते उत्पादकाच्या आलेखाशी ताडून पाहा.