पोते भरते कशाने?



आम्ही बाजारातले हमाल. शाळा आम्हांस फारशी लाभली नाही; आकडे शिकलो ते पोती मोजताना, आणि पुस्तके वाचली ती संघटनेच्या कचेरीत, रात्री. म्हणून धान्यवाढीचा हा विषय आम्ही पोत्यापासूनच सुरू करतो. पोते भरते कशाने?

१९५०-५१ साली देशात सुमारे ५ कोटी टन धान्य पिकले. २०२०-२१ साली सुमारे ३१ कोटी टन. सहापट! मग जमीन सहापट झाली काय? नाही. धान्याखालची जमीन साधारण एक-तृतीयांशानेच वाढली. हेक्टरी उतारा मात्र ५२२ किलोंवरून २,३०० किलोंच्या वर गेला. म्हणजे वाढ झाली ती मुख्यतः उताऱ्याने. आणि उतारा वाढला तो सुधारलेले बी, खत व पाणी या तिघांच्या जोडीने.

आपल्या महाराष्ट्रात अडते ते पाण्यापाशी. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. खरिपाचा उतारा वाढला. परंतु कणीस भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडे, आणि काळ्या दाण्याला भाव नसे. पुढे पुष्कळ शेतकरी सोयाबीन-कपाशीकडे वळले. रब्बीची गोष्ट निराळी. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेली मालदांडी अजून पेरली जाते. ती पाऊस सरताना पेरायची आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर वाढवायची. तिथे बी कितीही चांगले असो, ओल नसेल तर कणीस पोचट. तिचे धरण म्हणजे शेतातली ओल.

ही ओल धरून ठेवतो कोण? बांध. आणि बांध घालतो कोण? मजूर.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या आईने सरकारी कामावर खडी फोडली; आम्ही तेव्हा झोळीत होतो. त्या मजुरीने आणि रेशनच्या लाल मिलोने घर जगले, हे आम्ही विसरणार नाही. पण खडीला कणीस येत नाही. पलीकडच्या शिवारात त्याच हातांनी बांध घातले, पाझर तलाव केला. तिथल्या विहिरींना पुढे उन्हाळ्यातही पाणी राहिले. मजुरी तीच, घाम तोच; फळ मात्र वेगळे. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे तत्त्व मोठेच. पण काम कोणते, हा प्रश्न तितकाच मोठा आहे.

पुस्तकांत वाढीची कारणे वाचताना बी, खत, पाणी सापडते. बांध घालणारी बाई क्वचितच. आमचे मागणे एवढेच की, तिची मजुरी दानधर्माच्या खात्यावर मांडू नका. ती पिकाच्या भांडवलात धरा, आणि वेळेवर चुकती करा.

आपण शहरात राहता, तरी पुष्कळांचे गाव अजून सुटलेले नाही. पुढच्या खेपेस गेलात की ग्रामसभेत विचारा : हमीच्या कामांत माती-पाण्याची कामे किती? जुने बांध फुटले ते दुरुस्त कोण करतो? मजुरी किती दिवस थकली आहे?

एवढे विचारलेत, तरी आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही मानू.