प्रेक्षकांच्या वर्गणीतून दूरचित्रवाणी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जालना येथे केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीचा व या जालना भागाचा इतिहास, जात्यावरील ओव्या आणि वृद्धांच्या आठवणी यांची एक मालिका व्हावी, अशी सूचना आज पुढे आली आहे. सूचना उत्तम, परंतु पैसा कोठून यावयाचा, हा पहिला प्रश्न होय.

भारतात दूरचित्रवाणी १९५९ साली आली. पूर्वी संचधारकास परवाना फी भरावी लागे. १९७६ पासून दूरदर्शनने जाहिराती घेतल्या आणि १९८४ च्या ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांचा काळ सुरू झाला. जाहिरातदार डोकी मोजतो, जिव्हाळा मोजत नाही. जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम किंवा भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन यांवरील कार्यक्रम पाच हजार माणसांनी जीव ओतून पाहिला, तरी त्याच्या हिशेबी ती संख्या क्षुल्लकच.

मग प्रेक्षकालाच आश्रयदाता का करू नये? १९७६ सालच्या ‘मंथन’ चित्रपटासाठी गुजरातेतील पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. पुढे तेच शेतकरी ‘आपला’ चित्रपट पाहावयास लोटले. अमेरिकेत ‘व्हेरोनिका मार्स’ या बंद पडलेल्या मालिकेचा चित्रपट व्हावा म्हणून २०१३ साली एक्क्याण्णव हजारांहून अधिक चाहत्यांनी सुमारे सत्तावन्न लाख डॉलर आगाऊ दिले.

आपले गणित लहान आहे. पाचशे कुटुंबांनी चारशे रुपये दिले, तर दोन लाख होतात. तेवढ्यात मोठा थाट होणार नाही. पण साधे, प्रामाणिक काम सुरू होईल.

मात्र तीन पथ्ये पाळली पाहिजेत. अपेक्षित रक्कम न जमल्यास प्रत्येकाचा पैसा परत जावा. पै-पैचा हिशेब पुढील स्मरणिकेत छापला जावा. ज्या घराला वर्गणी झेपत नाही, त्यालाही मालिका पाहावयास मिळावी.

याहून अवघड गोष्ट आमच्या मनात आहे. वर्गणी देणारा मालक होऊ पाहतो. त्याला पूर्वजांची स्तुती हवी असते. विधवांचे हाल, भाऊबंदकी, आपण इतरांशी केलेला दुजाभाव यांची वाच्यता नको असते. तसे झाले, तर जाहिरातदार गेला आणि त्याच्या जागी आम्हीच बसलो, एवढेच होईल. पैसा आपण द्यावा. सांगणाऱ्याचे तोंड धरू नये.

वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम आम्ही ‘पुढच्या वर्षी’ म्हणून कित्येकदा लांबणीवर टाकले. त्यांतील अनेकजण आज हयात नाहीत. पैसा पुन्हा जमविता येतो, तो आवाज येत नाही.

नोंदणीची वही दाराशी ठेवली आहे. पहिली वर्गणी आम्ही भरीत आहोत. जय हिंद! जय महाराष्ट्र!