मोहाची भट्टी आणि विज्ञानाचा तास



पंचशील घेऊन सुरू झालेल्या सभेत दारूच्या भट्टीचा दाखला द्यावा लागतो आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. पण आदिवासी मुलांना विज्ञान कसे शिकवावे, हे आम्हाला त्या भट्टीनेच शिकवले.

जोडून सुट्टी आली की आम्ही काही मित्र गडचिरोली जिल्ह्यातल्या आश्रमशाळेच्या मुलांना शिकवायला जातो. पहिल्याच वर्षी ऊर्ध्वपातनाचा धडा घेतला. फळ्यावर चंचुपात्र, बर्नर, काचेची नळी असे सगळे रीतसर काढले. मुले घरी गोंडी बोलणारी, पुस्तक मराठी, आणि नळी तर कुणी पाहिलेलीच नाही. वर्ग गप्प. "यांच्या डोक्यात शिरत नाही," असे आम्ही आपसात बोललोही. आमच्या वडिलांविषयी शाळेत हेच बोलले जात असे, याचा त्या वेळी आम्हाला विसर पडला.

तेवढ्यात मागे बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, हे तर मोहाचंच!" आणि तिने चटकन तोंडावर हात ठेवला. घरचे काही वर्गात बोलायचे नसते, हे ती शिकली होती.

आम्ही खडू तिच्या हाती दिला. तिने चूल काढली, आंबवलेल्या मोहफुलांचे मडके काढले, वर थंड पाण्याचे भांडे ठेवले. ते पाणी तापले की आई बदलते, म्हणाली. का बदलते? आता सगळा वर्ग एकदम बोलू लागला. गार भांड्याला लागून वाफेचे पुन्हा पाणी होते, हे त्यांना ठाऊकच होते. 'संघनन' हा शब्द तेवढा आम्ही दिला. फुले भिजत का ठेवतात, यावरून साखर आणि किण्वन निघाले. आधी काय उकळते, यावरून अल्कोहोलचे ७८ आणि पाण्याचे १०० अंश सेल्सिअस. त्याच तासात दारू यकृताचे काय करते तेही निघाले. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी घरोघरी काय चालते, ते मुलांनीच सांगितले.

हा काही आमचा शोध नव्हे. अलास्कातल्या युपिक समाजाचे ऑस्कर कावाग्ली यांनी १९९५ साली यावर ग्रंथ लिहिला. तिथल्या आदिवासी शिक्षकांनी १९९८ मध्ये अशा शाळांसाठी निकषच ठरवले. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही शाळेबाहेरच्या जीवनाशी ज्ञान जोडा, असे सांगितले आहे. सांगितले आहे, एवढेच.

आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. परंपरेचे जू फेकूनच आपला समाज उभा राहिला. मग आता परंपरेचे कौतुक कशासाठी? आम्ही कौतुक करायला जात नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिथे मंत्र चालत नाही, दवाखान्यातले प्रतिविषच लागते, हे आम्ही मुलांना तोंडावर सांगतो. पण कोणता साप कोणत्या महिन्यात कुठे निघतो, हे सांगायची पाळी त्यांची असते, आणि आम्ही वहीत उतरवून घेतो.

मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, आंध्र आणि मध्य प्रदेशातल्या सुमारे १५ गोंड गावांत फिरून तिथले आकाशाचे ज्ञान गोळा केले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्यातल्या चार ताऱ्यांची तिथे खाट आहे. आमची मुले मोह वेचायला पहाटे घराबाहेर पडतात. त्यांनी मार्चमध्ये रात्री आठला खाटेचे चित्र काढले, पहाटे चारला पुन्हा काढले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून एकाने विचारले, "ईशान्येची खाट वायव्येला कुणी नेली? आणि उलटी कुणी केली?"

पुढच्या मार्चमध्ये हाच धडा घ्यायचा आहे. संस्थेच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर नावे द्यावीत. पहाटे चारला उठावे लागेल.