फारकतीनंतर मूल कोणाकडे?



फारकत झाली की आपल्या वस्तीत भांड्याकुंड्यांची यादी होते. मूल कोणत्या दिवशी कोणाकडे, हे मात्र कोणी लिहून घेत नाही. पुढची भांडणे तेथूनच सुरू होतात.

१९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे असे तो म्हणतो. पण सर्वांत वर मुलाचे कल्याण. ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचे नाते तुटत नाही. तेव्हा अर्जातच स्पष्ट मागावे: कोणता रविवार, किती वाजता, कोठे भेट, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, मुलाला आणायचे-पोचवायचे कोणी. १४ एप्रिलला मूल कोणत्या घरी, हेही लिहावे. त्या दिवशीचे तंटे आम्ही पाहिले आहेत!

पोटगी थकली म्हणून भेट बंद, भेट नाही म्हणून पोटगी बंद, असा सौदा करू नये. दोन्ही मुलाच्याच हक्काचे आहे. परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली हुकूम बदलून मागता येतो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट नाही.