नकाशाआधी सातबारा



शहरविकासाची परिषद एखाद्या महानगरात न भरवता मुळशी तालुक्याच्या गावी कशासाठी, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका हाती पडल्यावर काहींच्या मनात आलाच असेल. चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुटमार्गे जे इथवर पोहोचले, त्यांना निम्मं उत्तर गाडीतच मिळालं असणार. भूगावात वाहनं ज्या गतीने सरकतात, त्या गतीत विचाराला भरपूर सवड मिळते.

उरलेलं उत्तर असं, की गेल्या शंभर वर्षांत शहर आपल्या वेशीबाहेर ज्या ज्या वाटांनी पसरतं, त्या जवळपास सगळ्या वाटा या एका तालुक्यातून गेल्या आहेत. इथे शहरासाठी बांधलेलं धरण आहे, डोंगरात उभारलेलं खासगी शहर आहे, आयटी पार्क आहे, नगररचना योजना आहे. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली आणि पालिकेचं क्षेत्र मुंबईपेक्षाही मोठं झालं. हिंजवडी आणि माण मात्र लाखो नोकरदारांचं ओझं घेऊन ग्रामपंचायतीच्या चौकटीतच वाढली. पाहुण्यांना शिकायला इथे यशापेक्षा फसगतीच जास्त सापडतील, हे यजमानांनी आधीच सांगून टाकलेलं बरं.

सुरुवात धरणापासून. टाटा कंपनीने मुंबईला वीज पुरवण्यासाठी मुळशीचं खोरं पाण्याखाली घालायचं ठरवलं, तेव्हा १९२१ च्या एप्रिलमध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. सेनापती बापट त्याचे नेते. धरण झालंच; गावं बुडाली, भातखाचरं बुडाली. विस्थापन हा शब्द सरकारी कागदांत रुळायच्या कितीतरी आधी मुळशीकरांनी तो अनुभव घेतला. दिवे लागले ते घाटाखाली मुंबईत, आणि त्यांची किंमत वसूल झाली ती घाटावरच्या सातबाऱ्यातून. शहरांनी एकमेकांकडून काय शिकावं याचा विचार करताना मुळशीकर माणूस पहिल्यांदा जमिनीचं विचारतो, त्याचं मूळ इथे आहे.

शहरं एकमेकांकडे जातात हे खरंच. महापालिकांचे अभ्यासदौरे आपल्या परिचयाचे आहेत: शाल, श्रीफळ, सादरीकरण, बसमधून फेरफटका आणि नदीकाठी फोटो. परत आल्यावर तसाच नदीकाठ, तसाच पूल, तशीच बस आपल्याकडे हवी असा ठराव होतो. डोळ्यांना दिसतं तेवढंच दौऱ्यातून परत येतं. जमीन कुणाकडून, कोणत्या अटीवर घेतली, करातला वाटा कुणाला मिळतो, नळाचं बिल कोण भरतं, हे विचारायला कार्यक्रमपत्रिकेत वेळच नसतो.

दिसणारं तेवढं उचललं की काय होतं, ते वरसगाव धरणाच्या काठी दासवे इथे पाहता येतं. लवासा या खासगी शहराच्या काठावरची रंगीत घरांची ओळ इटलीतल्या पोर्तोफिनोवरून बेतलेली. पोर्तोफिनो हे कोळ्यांचं जुनं बंदर. तिथली घरं पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत आल्याने तशी झाली. इथे घरांचे रंग आले, पण त्या गावाचा धंदा कुठून येणार? त्यात २००८ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार कंपनीकडेच गेले. म्हणजे घरं विकणारा आणि नियोजनाला मंजुरी देणारा एकच. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. नवी शहरं वसवण्याच्या विचारात असलेल्या प्रतिनिधींनी तिथल्या घाटावर उभं राहून फोटो जरूर काढावा, पण पाण्याच्या काठाने थोडं पुढे जाऊन अर्धवट राहिलेल्या इमारतीही मोजाव्यात.

आता उलट गोष्ट. अहमदाबाद पाहून आलेला प्रत्येक जण साबरमतीच्या काठाचं कौतुक करतो. त्या शहराची खरी करामत काठापासून लांब, साध्यासुध्या वस्त्यांत आहे. तिथे शहराबाहेरची शेतजमीन सरकार सहसा सक्तीने संपादन करत नाही. एका पट्ट्यातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात, त्यातून रस्ते, बागा, शाळा आणि गरिबांच्या घरांसाठी जागा काढतात, आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांच्या रूपात मूळ मालकांना परत देतात. गुजरातच्या कायद्यात ४० टक्क्यांपर्यंत जमीन अशी काढून घेता येते. क्षेत्र घटतं, भाव वाढतो, आणि मालक आपल्याच जागी राहतो. सरदार पटेल वर्तुळाकार रस्त्याची बरीचशी जमीन याच रीतीने मिळाली. २००१ च्या भूकंपानंतर भूजचं जुनं गाव पुन्हा आखलं, तेही असंच.

गंमत अशी की ही विद्या, म्हणजे नगररचना योजना, मूळची गुजरातची एकट्याची नाही. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा गुजरात आणि महाराष्ट्र दोघांचा सामाईक होता. वांद्रे, खार, सांताक्रूझचे आखीव रस्ते त्यातूनच आले. पुण्यात प्रभात रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या बंगल्याचं खरेदीखत उघडलं, तर सर्व्हे नंबरऐवजी 'फायनल प्लॉट नंबर' लिहिलेला सापडतो, तो भांबुर्ड्याच्या नगररचना योजनेतला. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली. गुजरातने १९७६ च्या आपल्या कायद्यात ही रीत जोपासली आणि वेळोवेळी तिच्यात सुधारणा केल्या. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही ती होती. पण विकास आराखड्यात आरक्षणाचे रंग भरायचे आणि मग वर्षानुवर्षं मोबदल्यासाठी पैसे नाहीत म्हणायचं, ही सवय लागली. आजोबांची भांडी भाडेकरूकडे चकचकीत दिसावीत, तसं आपलं झालं.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएने, ही रीत परत आणली ती याच तालुक्यात. म्हाळुंगे-माण ही प्राधिकरणाची पहिली नगररचना योजना. ती पाहताना पाहुण्यांनी अधिकाऱ्यांइतकंच शेतकऱ्यांचंही ऐकावं. कागदावर न्याय्य असलेली वाटणी बांधावर गेली की तीन भावांचा सामाईक सातबारा, विहिरीतला हिस्सा, अजून न झालेली वारसनोंद असे प्रश्न काढते. अहमदाबादने यासाठी नगररचना अधिकाऱ्यांची एक पिढी घडवली. सादरीकरणाच्या पडद्यावर ती पिढी दिसत नाही.

हडपसरला शेतकऱ्यांनी सरकारची वाटही पाहिली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने १२० च्या आसपास कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भागभांडवल घेतलं आणि मगरपट्टा उभा राहिला. याच नमुन्यावर पुढे सिंहगड रस्त्याला नांदेड सिटी आली. नवी मुंबईत मात्र ही समज यायला रक्त सांडावं लागलं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्या लढ्यानंतर प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं. 'मुळशी पॅटर्न' हा २०१८ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एकरकमी पैसे घेऊन जमिनीतून बाहेर पडलेल्या घरांचं काय होतं हे वेगळं सांगायला नको.

हिंजवडीचं दुखणं निराळं. इथे उद्योग आले, पगार आले, पण धनी एक नाही. पार्कातले रस्ते एमआयडीसीकडे, आराखडा पीएमआरडीएकडे, गावातली गटारं ग्रामपंचायतीकडे, पोलीस पिंपरी-चिंचवडचे. पहिल्या जोरदार पावसात रस्त्यावर पाणी साचलं की ते कुणाचं, यावर बैठक बसते. बंगळूरची इलेक्ट्रॉनिक्स सिटी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि बरीच वर्षं तिनेही असेच हाल सोसले. २०१३ मध्ये कर्नाटकाने तिथे औद्योगिक नगरी प्राधिकरण नेमलं. मालमत्ता कर ते गोळा करतं आणि त्यातला वाटा आसपासच्या पंचायतींना देतं. मेट्रो मात्र त्यांच्याकडेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये पोहोचली. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन २०१८ च्या डिसेंबरातलं. बंगळूरच्या प्रतिनिधींना मुळशीकरांची एकच विनंती आहे: पुलांची छायाचित्रं नंतर दाखवा, आधी त्या करवाटपाचा हिशेब दाखवा.

ओढ्यांना तर हद्द कळतच नाही. रामनदी खाटपेवाडीजवळ मुळशीत उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण करत मुळेला मिळते. ऑक्टोबर २०१० मध्ये एका संध्याकाळच्या पावसात तिला आलेल्या पुराने बावधन-पाषाणची झोप उडवली होती.

मोठ्यांनी लहानांकडून शिकायचं असेल तर कराडजवळचं मलकापूर पाहावं. या छोट्या नगरपंचायतीने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी दिलं. घरोघर मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर चढता ठेवला. नळाला सतत पाणी असल्यामुळे वाहिनीत बाहेरची घाण शिरत नाही, आणि आदल्या दिवशीचं भरलेलं पाणी शिळं म्हणून रोज सकाळी ओतून देण्याची गरज उरत नाही. कितीतरी शहरांत धरण उशाशी असूनही हे जमत नाही. पुण्याला मीटरवरून काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते पुण्याच्या प्रतिनिधींनीच सांगावं.

आणि अपयशही शिकण्यासारखं असतं. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर पुण्याने देशात सर्वांत आधी बीआरटीचा प्रयोग केला. थांबे, पादचाऱ्यांची ये-जा, सलग मार्गिका, सगळ्यातच घोळ झाले. २००९ मध्ये अहमदाबादने जनमार्ग सुरू केला तो रस्त्याच्या मधोमध बंदिस्त स्थानकं, आधी तिकीट आणि बसच्या पायरीला जुळणारे फलाट घेऊन. पुढे २०१५ मध्ये पिंपरी-चिंचवडने आपले मार्ग सुरू केले, तोवर शेजारची चूक आणि लांबचं उत्तर, दोन्ही समोर होती. पुण्याला या प्रयोगाचं श्रेय मिळालं नाही, फक्त हसं झालं.

म्हणून या दोन दिवसांत प्रत्येक शहराने एक जमलेलं आणि एक फसलेलं काम मांडावं, असं आयोजकांनी ठरवलं आहे. फसलेल्या कामासाठी वेळ दुप्पट ठेवला आहे. दुपारच्या जेवणात मुळशीचा आंबेमोहर आहे; ही खाचरं शिल्लक आहेत तोवर तो मिळेल.

पाहणीची बस उद्या सकाळी बरोबर साडेसहाला सुटेल. आधी माण, मग म्हाळुंगे, परतताना बावधनला रामनदीचा काठ. माणमध्ये योजनेत जमीन गेलेले काही शेतकरी भेटायला येणार आहेत. त्यांच्याशी बोलताना आराखडे बसमध्येच ठेवावेत. साडेसहाची वेळ कुणाच्याही विनंतीवरून बदलणार नाही. आठनंतर हिंजवडीत शिरलेली बस दुपारच्या सत्राला परत येईलच, अशी हमी द्यायला स्वागत समिती असमर्थ आहे.